सेकंडसाहेबांची बंडी

रत्नागिरीत साठी उलटलेल्या कुणालाही 'केंड' म्हणून नुसतं विचारून बघा. तो आधी हसेल आणि मग तुम्हाला एक गोष्ट सांगेल. बोटीवरून निवृत्त झालेल्या एका इंजिनीयरला समुद्राच्या तळाशी फिरायचं वेड लागलं, त्यासाठी त्यानं दुबईहून हवा भरायचं जाकीट मागवलं, दोन वर्षं पारखून नेमकं चुकीचं निवडलं, आणि चारचौघांदेखत केंड माशासारखा टम्म फुगून पाण्यावर आला. केंड ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. जाळ्यात सापडला की हा मासा पोट फुगवून चेंडू होतो. विषारी असतो, त्यामुळे खात कुणी नाही. खलाशी त्याला पायानं परत पाण्यात लोटतात आणि हसतात.

गोष्ट चांगली रंगते. रंगणारच, ती मी रचलेली आहे. चाळीस वर्षं मी ती कचेरीत, लग्नाच्या पंगतीत, एस.टी.त शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला सांगत आलो. तिच्यातलं फुगणं खरं आहे. 'चुकीचं निवडलं' हे खोटं आहे. जाकीट बरोबर होतं. ते का फुगलं हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं.

आता माझी पंचाहत्तरी झाली. जे झालं ते जसं झालं तसं लिहितो. सेकंडसाहेबांची थट्टा यातही येणार, त्याला इलाज नाही. ते वागायचेच तसे. त्यांची आठवण आली की मला अजून आधी हसू येतं, लाज मागून येते.

मी त्यांचा भाडेकरू. टेलिफोनच्या कचेरीत नोकरी लागली म्हणून रत्नागिरीत आलो आणि मांडवीच्या बाजूला त्यांच्या घरामागच्या दोन खोल्या बघायला गेलो. उभी हयात मालवाहू बोटींवर सेकंड इंजिनीयर म्हणून गेलेली, म्हणून गाव त्यांना सेकंडसाहेब म्हणे. भाडेकरूला लोक नाव-गाव विचारतात, मासे शिजवणार का ते विचारतात. यांनी विचारलं,

"पोहतोस?"

"हो."

"श्वास किती वेळ धरतोस?"

"कधी मोजला नाही."

"मग आता मोजू," म्हणून त्यांनी मनगटावरचं घड्याळ डोळ्यांसमोर धरलं. मी हातात ट्रंक घेऊन, गाल फुगवून ओटीवर उभा. आतून काकू, साहेबांच्या पत्नी, पाण्याचा तांब्या घेऊन आल्या आणि माझा लालबुंद चेहरा बघून म्हणाल्या, "अहो, खोली बघायला आलाय तो, जीव द्यायला नाही."

"बरा आहे," साहेब घड्याळ बघत म्हणाले. "राहा."

त्यांच्या लेखी जगात दोनच जाती होत्या, बुडणारे आणि तरंगणारे. माणूस बघितला की ते त्याला मनातल्या मनात पाण्यात सोडून बघत. लग्नाच्या मांडवात माझ्या कानाशी लागून म्हणत, "नवरीचा बाप बघ. हाडापेराचा, बुडणारा. व्याही तरंगेल, पोटात वारा आहे." इंजिनाच्या आवाजात ओरडून बोलायची सवय, त्यामुळे हे दोन्ही व्याह्यांना ऐकू जाई. पण त्यांना आदर होता तो तिसऱ्या जातीबद्दल. बुडायचं नाही, तरंगायचं नाही, पाण्याच्या मधोमध जिथं ठरवलं तिथं थांबायचं. याला ते 'अधर' म्हणत. "अधर राहता आलं पाहिजे," हे त्यांचं दिवसातून चार वेळा. सकाळी दात घासताना सुद्धा.

एकदा मी विचारलं, "मी कुठल्यातला?"

त्यांनी मला नीट वरखाली पाहिलं. "तू बूच आहेस. लाट नेईल तिकडे जाशील."

मला ते तेव्हा विनोदी वाटलं होतं.

बोटीवरून उतरताना त्यांनी एका पाणबुड्याकडून जुना सरंजाम आणला होता. हवेच्या दोन लोखंडी बाटल्या, तोंडात धरायची नळी, चष्मा, पायात घालायचे रबरी पंखे आणि अंगावरचा एक रबरी पोशाख, जो त्यांच्या पोटावर येऊन थांबत असे. बाटल्या रिकाम्या झाल्या की भरायला मुंबईला गोदीतल्या एका मित्राकडे पाठवाव्या लागत. त्या एस.टी.नं पाठवायचं काम माझं. एकदा कंडक्टरनं अडवलं.

"गॅस चालत नाय."

"गॅस नाही हो, हवा आहे," साहेब म्हणाले.

"हवा?"

"साधी हवा. श्वासाला."

कंडक्टरनं बाटलीकडे, मग आजूबाजूच्या नारळीकडे, मग समुद्राकडे बघितलं. "मंग इथली काय वायट हाय?"

साहेबांनी त्याला गाडी सुटेपर्यंत हवेच्या दाबाचं शास्त्र समजावलं. गाडी वीस मिनिटं उशिरा सुटली. बाटल्या गेल्या, पण मला त्या स्टँडवर पुढं कित्येक महिने 'हवावाले' म्हणत.

सरंजामात कमी होतं ते जाकीट. त्याचं काम साधं आहे. खोल जावं तसा अंगावरचा रबरी पोशाख दाबानं चेपतो आणि माणूस जड होत जातो. अशा वेळी जाकिटात चिमूटभर हवा सोडायची. वर येताना ती हवा पसरते, मग काढून टाकायची. एक बटण दाबलं की बाटलीतली हवा जाकिटात, दुसरं दाबलं की जाकिटातली हवा बाहेर. हे नव्हतं तोवर साहेब कमरेला जाळ्याचं शिसं आणि दोरी बांधून खाली जात. दोरीचं दुसरं टोक होडीत मिरकरवाड्याच्या एका तांडेलाच्या हातात. हा होडीचा नाखवा त्यांचा बालमित्र. तो दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळून विडी ओढत बसे. "सायब, आंगठा हालला का तुमी जिवंत," एवढी त्यांची संकेतभाषा.

आता जाकीट घ्यायचं तर कुठलं? दुसरा कुणी असता तर परवडेल ते घेऊन मोकळा झाला असता. साहेबांनी परदेशी दुकानांची दोन जाडजूड सूचीपत्रकं मागवली आणि दोन पावसाळे त्यांत घालवले. जाकिटं तीन तऱ्हेची होती. त्यांना त्यांनी आपली नावं दिली. गळ्यात अडकवून छातीवर येणारं ते जू. अंगरख्यासारखं घालायचं, कुशीतून आणि खांद्यावरून फुगणारं, ती बंडी. आणि नुसती पाठीवर फुगणारी ती पखाल.

"चित्रात सगळीच चांगली दिसतात," ते म्हणत. "स्थळं बघितल्यासारखं आहे. पाण्यात घालून बघितल्याशिवाय कळत नाही."

पाण्यात घालून बघायला मी होतो.

त्यांनी तिन्ही तऱ्हा घरी बनवल्या. स्कूटरच्या ट्यूबचं जू झालं, रिक्षाच्या ट्यूबची पखाल. बंडीसाठी राम आळीतल्या शिंप्याकडून ताडपत्रीचा अंगरखा शिवून घेतला आणि त्यात फुटबॉलचे चार फुगे बसवले. शिंपी अंगरखा हातात धरून म्हणाला, "बाही नाही, गुंडी नाही, आत चार फुटबॉल. साहेब, कुठल्या कार्याला घालायची ही?"

"विहिरीत."

त्यानं पुढं विचारलं नाही. शिलाई मात्र आगाऊ घेतली.

दोन हिवाळे, दर रविवारी सकाळी, मी त्यांच्या विहिरीत. जू घातलं तर तोंड आभाळाकडे राही, बुडायची भीती नाही, पण ट्यूब हनुवटीखाली चढून गळा आवळी. "बेशुद्ध माणसाला उत्तम," साहेब काठावरून लिहून घेत. पखाल पाण्याखाली फार सुखाची, छाती मोकळी, हात मोकळे. पण वर आलो की पाठीवरची हवा मला अशी ढकली की मी तोंडावर आपटे. एकदा तसाच पालथा पडलेला असताना शेजारच्या बायका कळशा घेऊन आल्या.

"अगो बाय, मेला की काय!"

"मेला नाही," साहेब म्हणाले, "पखाल वाईट आहे."

काकू धावत आल्या. "अहो, पिण्याचं पाणी आहे ते! त्यात माणूस कसला बुचकळताय? आंघोळ तरी घातल्येत काय त्याला?"

बंडी घातल्यावर मी पाण्यात उभा राहिलो. ना मागे, ना पुढे. फुगे कुशीत नीट बसले. साहेब काठावर बसून माझ्याकडे बघत होते. बारशाला पाळण्यात बघतात तसे.

पण एवढ्यानं भागलं नाही. माप हा मोठा विषय होता. "रिकामी असताना अंगाला बसली पाहिजे आणि पूर्ण फुगल्यावर पोटभर श्वास घेता आला पाहिजे." याची परीक्षा म्हणून ते बंडी टम्म फुगवून मला एकोणतीसचा पाढा म्हणायला लावत. मी चौथ्या ओळीला अडखळलो की वहीत 'श्वास अपुरा' असं लिहीत. श्वास पुरेसा होता, मला एकोणतीसचा पाढाच येत नव्हता. हे त्यांना सांगायला मला पाच रविवार लागले. पाच रविवारची मापं त्यांनी न बोलता खोडली.

मोठ्यात मोठं जाकीट घ्यावं असं माझं मत होतं. ते म्हणाले, "जास्त जागा म्हणजे जास्त हवा. जास्त हवेचे लाड जास्त. आपल्याला हवी तेवढी उचल पुरते." हवा सोडायची झडप खांद्याशी हवी, कारण हवा वर चढते, हे त्यांनी दुधाची पिशवी पाण्यात धरून दाखवलं. दोन्ही बटणं न बघता हाताला वेगळी लागली पाहिजेत म्हणून त्यांनी माझे डोळे बांधून भिंतीवरची विजेची बटणं दाबायला लावली. घरात दिवे लागत-विझत राहिले आणि काकू स्वयंपाकघरातून ओरडत राहिल्या.

आज लोक सुट्टीत मालवणकडे जाऊन अर्ध्या तासात जाकीट चढवून पाण्यात उतरतात. मला आता त्यातलं थोडंफार कळतं. त्या माणसानं दोन सूचीपत्रकं आणि एका विहिरीवर जे जे ठरवलं होतं, त्यातलं एकही चुकलेलं नव्हतं.

शेवटी तांडेलाचा दुबईतला मेहुणा जाकीट आणणार असं ठरलं. त्याच्याकडे पाठवायचं पत्र मी टाकायला नेलं. उघडंच होतं, म्हणून वाचलं. छाती, कंबर, खांद्यापासून कंबरेपर्यंत. सगळी मापं साहेबांची. मी काटकुळा, ते गरगरीत. दोन हिवाळे मी गार पाण्यात कुडकुडलो तो 'जाकीट आपलं दोघांचं' या त्यांच्या शब्दावर.

मी विचारलं. ते म्हणाले, "एक चप्पल दोघं घालतात काय रे? सैल जाकीट म्हणजे जाकीट नसल्यापेक्षा वाईट. तुझं पुढल्या खेपेस."

म्हणणं बरोबर होतं. त्यांचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असे, तोच तर त्रास होता.

बंडी आली. निळी, पिवळ्या पट्ट्यांची. साहेबांनी दोन दिवस ती घालूनच ओटीवर बसून काढले. पोस्टमनला पत्र घेताना सुद्धा अंगात. मग तांडेलाच्या होडीतून खडपापाशी, समुद्रातल्या कातळापाशी, गेले आणि पाऊण तासानं वर आले तेव्हा चेहरा असा की तांडेल म्हणाला, "काय ओ सायब, खाली कोन भेटला?"

"अधर," साहेब म्हणाले. "संबंध वेळ अधर."

बंडी धुण्याचं काम त्यांनी माझ्याकडे दिलं. त्यांच्या मते तो मान होता. "वापरतो मी, धू तू. धुतल्यानं वस्तू कळते. पुढं तुझी येईल तेव्हा उपयोग." विधी ठरलेला होता. समुद्रावरून आल्याबरोबर विहिरीचं गोडं पाणी. बाहेरून दोन बादल्या, मग नळीतून आत पाणी भरून खळखळवायचं, ओतायचं, पुन्हा भरायचं. दोन्ही बटणं बादलीत बुडवून वीस-वीस वेळा दाबायची, खाचेतलं मीठ निघेपर्यंत. मग अर्धी हवा भरून सावलीत टांगायची. आणि शेवटचं, बोट वर करून, "तेल नाही. मी जन्म तेलात काढला म्हणून सांगतो. इंजिनाला तेल, डोक्याला तेल, बिजागरीला तेल. हिला गोडं पाणी. फक्त गोडं पाणी."

पहिल्या दोन-तीन वेळा मी सगळं केलं. मग विहिरीतून आठ-आठ बादल्या उपसताना मनात येऊ लागलं की अंगाला त्यांच्या बसते आणि मी धोब्यासारखा धुतोय. बादल्या कमी झाल्या. मग वरून दोन तांबे ओतून टांगू लागलो. मी मुद्दाम काही बिघडवलं नाही. पण मनापासून काही केलंही नाही.

साहेबांचं खरं मनात होतं ते वेगळंच. त्यांना रत्नागिरीत पाण्याखालचा वर्ग काढायचा होता. त्यांनी 'अधर मंडळ' अशी पाटीसुद्धा रंगवून कॉटखाली ठेवली होती. एका कॉलेजच्या प्राचार्यांना ते सहा महिने भेटत होते. प्राचार्य शेवटी म्हणाले की डोळ्यांनी बघितल्याशिवाय मी मुलं देणार नाही. माणूस पाण्यात मधोमध थांबतो हे दाखवा, पुढल्या महिन्यापासून वीस मुलं तुमची. साहेबांनी जानेवारीतला एक रविवार ठरवला. मिऱ्याच्या बाजूला खडपांत एक डोह आहे, दोन पुरुष खोल. जानेवारीत पाणी असं नितळ की वरून तळ दिसतो.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी बंडी खुंटीवरून काढली आणि हवा भरायचं बटण दाबून बघितलं. बटण जाम. खाचेत मिठाचा पांढरा थर. साहेब प्राचार्यांना आठवण करायला गेले होते, यायची वेळ झाली होती. धुवायला बसलो असतो तर तासभर गेला असता, आणि का धुतोयस म्हणून विचारलं असतं. कोकणात कुलूप अडकलं, शिवणयंत्र कुरकुरलं, कानात दडा बसला, काहीही झालं की हात जिथं जातो तिथं माझा गेला. खिडकीत डोक्याला लावायच्या खोबरेलाची बाटली होती. चार थेंब खाचेत सोडले आणि दाबत राहिलो. बटण लोण्यासारखं चालायला लागलं.

साहेबांनी आल्या आल्या तपासलं. एकदा दाबलं, दोनदा दाबलं. माझ्या पाठीवर थाप मारली. "धुतलंस नीट. शाब्बास."

मी म्हटलं, "हो."

सकाळी खडपांवर सत्तर-ऐंशी माणसं. प्राचार्य खुर्ची मागवून बसलेले. काकू छत्री घेऊन. मिरकरवाड्यातल्या कोळणी टोपल्या खाली ठेवून फुकट तमाशा बघायला थांबलेल्या. साहेब रबरी पोशाखात, पोटाशी ताणलेले, वर निळी बंडी. एक कोळीण म्हणाली, "ह्यो बुडाचा नाय गो, ह्येचा पोटच बुडू देयाचा नाय." सगळे हसले. साहेबही हसले.

ते उतरले. हळूहळू तळाशी गेले. मग वर बघून हात केला आणि बटण दाबलं. तळापासून पुरुषभर वर आले आणि थांबले. खरंच थांबले. पाण्याच्या मधोमध, आडवे, हात पोटावर घेऊन, वामकुक्षी करावी तसे. एक मासा त्यांच्या हाताखालून गेला. प्राचार्य खुर्चीतून उठून पुढं वाकले. ते क्षण मोजून दहा-बारा असतील. मी ते पुढं कधीही कुणाला सांगितले नाहीत.

मग त्यांनी आणखी थोडं वर यायला बटण पुन्हा दाबलं, आणि ते आत गेलेलं बटण बाहेर आलं नाही.

हवा भसाभसा आत शिरायला लागली. बंडी फुगली. त्यांचा हात हवा सोडायच्या झडपेकडे गेला, पण जाते त्याच्या दुप्पट हवा येत होती. ते सुटले. वर येताना श्वास कधी धरायचा नाही, छातीत हवा कोंडली तर फुप्फुसं फाटतात, ओरडत वर यायचं, हे त्यांनी मला शंभर वेळा शिकवलं होतं. त्यांनी तेच केलं. तोंडातली नळी न सोडता, घशातून लांबलचक 'आ' करत, बुडबुड्यांच्या लोटासकट ते पाण्यातून कमरेपर्यंत बाहेर उसळले. बंडी इतकी ताणलेली की हात आडवे उभे राहिलेले, आणि जादा हवा सोडणारी झडप म्हशीसारखी फुर्र फुर्र करणारी. लोकांना वाटलं, म्हातारा भीतीनं बोंबलतोय. ती भीती नव्हती. त्या ओरडण्यानं त्यांचा जीव वाचला होता, आणि तिथं हे कळणारा एकटा मी होतो.

बटण, खाच, खोबरेल, सगळं एका क्षणात डोळ्यांसमोर आलं. कुणी माझ्याकडे बघण्याआधी सगळ्यांनी तिकडे बघायला हवं होतं. मी बोट दाखवून ओरडलो,

"केंड! केंड आला!"

खडपांना हसू फुटलं. कोळणी टोपल्या धरून हसत होत्या. तांडेल विडी टाकून हसत होता. प्राचार्य हसले नाहीत. ते म्हणाले, "वर जायचं की खाली हे ज्याचं त्याला ठरवता येत नाही, त्याच्या हाती मुलं कशी द्यायची?" मग माझ्याकडे वळून विचारलं, "जाकीटच चुकीचं निवडलं वाटतं?"

तुम्ही वाचणारे आहात, म्हणून सांगतो, 'नाही' हा शब्द दोन अक्षरांचा आहे.

मी म्हटलं, "हो ना. गळ्यातलं घ्यायला हवं होतं."

दुसऱ्या दिवशी साहेब पडवीत वर्तमानपत्र पसरून बसले आणि बारीक पेचकसानं ते बटण खोलू लागले. मला हाक मारली. काकूंनी दोन कप चहा आणून ठेवला. स्प्रिंग, चकती, रबराची कडी, एकेक भाग ते कागदावर मांडत होते. कागदावर एक चिकट डाग पसरला. त्यांनी बोट लावलं, नाकाशी नेलं.

"डोक्याला कुठलं तेल लावतोस रे?"

"खोबरेल."

"घाण्याचं?"

"हो."

"थंडीत थिजत असेल."

"थिजतं."

"हं." त्यांनी चकती पुसली. "बाटलीतली हवा सुटते ना, ती फार गार असते. बाहेरच्यापेक्षा कितीतरी गार."

मी कप उचलला. ते पेचकस हातात धरून बसून राहिले. माझ्याकडे बघत नव्हते, विहिरीकडे बघत होते. त्यांचा चहा तसाच गार होत गेला. मी माझा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हटलं, "कचेरीला उशीर होतोय."

"जा," ते म्हणाले.

तो विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. समुद्रात पुन्हा उतरलेही नाहीत. प्राचार्यांना एक पत्र तरी लिहा, असं मी एकदा साळसूदपणे सुचवलं. ते म्हणाले, "काय लिहू? बंडी चांगली होती असं? ते मी कसं सांगणार? दुसऱ्या कुणी सांगितलं तर गोष्ट वेगळी." 'अधर मंडळ' लिहिलेल्या फळीवर काकू मे महिन्यात आंब्याची साठं वाळत घालू लागल्या. बंडी मात्र ते दर महिन्याला स्वतः धूत. आठ बादल्या. अर्धी हवा भरून सावलीत टांगत. मला धुवायला सांगितलं नाही.

नाव गावभर झालं. बाजारातून जाताना दुकानाच्या फळीवरून हाक येई, "ओ केंड!" साहेब थांबत, त्या माणसाकडे वळत, आणि दोन्ही गाल टम्म फुगवून त्याच्याकडे बघत राहत. हसणाऱ्याचं हसू संपेपर्यंत. श्वास ते फार वेळ धरू शकत, त्यामुळे समोरचाच आधी वरमे. माझ्यासमोर त्यांनी गाल कधी फुगवले नाहीत.

वर्षभरात माझी लांज्याला बदली झाली. मागून घेतली होती. तिथं पहिल्याच आठवड्यात नव्या मित्रांना मी ही गोष्ट सांगितली, आणि ती इतकी रंगली की त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगायला लावली. दर वेळी जाकीट थोडं जास्त चुकीचं होत गेलं. साहेब गेले तेव्हाही मी लांज्यात होतो. निरोप वेळेवर मिळाला होता. मी गेलो नाही.

गेल्या महिन्यात पावसला गेलो. काकू तिथं मुलीकडे असतात. नव्वदीला टेकल्यात, दात नाहीत, नजर आणि जीभ शाबूत आहे. मला बघून म्हणाल्या, "बसा. जाड झालात. आता तुम्हांस झाली असती बंडी."

मी बसलो नाही. उभ्यानंच म्हटलं, "काकू, त्या बटणाला तेल मी लावलं होतं."

"ठाऊक आहे."

"साहेबांनी सांगितलं?"

"ते कशाला सांगतायत? तो कागद चुलीत मी घातला. कोकणातल्या बाईला खोबरेलाचा वास ओळखू यायचा नाही होय?" त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "त्यांना म्हटलं होतं मी, विचारा त्या मेल्याला. तर म्हणाले, विचारलंय. आता बोलायचं त्यानं."

मी म्हटलं, "चुकलं माझं."

"ते दिसलंच. पण मला कसलं सांगताय? मी काय त्यांना केंड म्हणत होत्ये?" काकूंचा आवाज चढला. "चाळीस वर्षं ज्यांना हसवलंत ना, त्यांना सांगा. सगळ्यांना. एकेकाच्या घरी जाणं व्हायचं नाही आता तुमच्यानं, तर लिहा. पोहे खाऊन जा."

पोहे खाल्ले. निघालो, अंगण ओलांडलं, फाटकाच्या बेड्यापाशी पोचलो. काकू पायरीवर उभ्या होत्या. निरोपाचं काही म्हणतील म्हणून मी मागं वळून पाहिलं. त्यांनी माझ्याकडे बघत दोन्ही गाल टम्म फुगवले.

मी बेडं सरकवलं, बाहेर आलो, ते पुन्हा नीट बसवलं. रस्त्यावरून परत एकदा वळून बघितलं. त्या तशाच उभ्या होत्या. श्वास अजून धरलेला.